झोळीतला वरवंटा

झोळीत सरळ निजायचं नसतं. हे मालन येईल त्या पाहुण्याला सांगायची आणि ऐकून घेऊनही पाहुणे सरळच निजायचे. मग पाठीची कमान व्हायची, गुडघे ताणले जायचे, हनुवटी छातीला टेकायची. सकाळी उठून ते मान चोळत म्हणायचे, "मावशी, फोटोत छान दिसते ही झोळी, पण झोपेचं काही खरं नाही."

मालन त्यांना पुन्हा झोळीत घालायची आणि खांद्याला धरून फिरवायची. डोकं एका अंगाला, पाय दुसऱ्या अंगाला, असं तिरकं. तिरकं निजलं की कापड सपाट होतं आणि पाठ टेकते. दोऱ्या ताणून बांधायच्या नाहीत, झोळीचं पोट सुटू द्यायचं. पायाकडचं टोक थोडं वर. दोरीला मध्येच एक सुताचा तुकडा बांधायचा, म्हणजे दव दोरीवरून ओघळून आत न येता तिथेच खाली टपकतं. आणि गोधडी अंगावर घेण्याआधी अंगाखाली घालायची.

"थंडी वरून नाय वाजत, खालून वाजते," ती सांगायची. "भाकरी कशी, खालूनच भाजते ना? तसंच."

जयगडच्या अलीकडे, खाडी समुद्राला मिळते तिथं सुरूचं बन आहे. मालनचा मुलगा रितेश आधी बंदरात ठेकेदाराकडे कामाला होता. ते काम सुटल्यावर त्यानं बनात तंबू टाकले आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं तिथं उतरू लागली. झोळ्या पाहिजेत असं ती माणसंच म्हणाली. रितेशनं कुरियरनं मागवल्या त्या छत्रीच्या कापडाच्या होत्या. अंगाला चिकटायच्या, आणि पहिल्याच मोसमात एक टरकन फाटून एक जाड गृहस्थ वाळूत बसले. मालननं ती फाटकी झोळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "मी करून देतंय."

लग्न होऊन आली तेव्हापासून ती जाळ्याशीच बसत आली होती. गावातल्या निम्म्या होड्यांची फाटकी जाळी तिच्या दारात येत. चुलीवर आमटी आणि मांडीवर जाळं, असं तिचं वर्षानुवर्षं चाललेलं. घरी गाऊन, त्यावर पंचा, कमरेला दोऱ्याचं रीळ खोचलेलं. जुन्या जाळ्यांचे चांगले भाग कापून, दुहेरी करून, टोकं आवळून तिनं झोळ्या केल्या. त्या श्वास घ्यायच्या. पाहुण्यांना आवडल्या.

रिकामी झोळी मात्र ती कधी उघडी ठेवत नसे. रिकामा पाळणा हलू नये, हे कुठल्याही घरात सांगतात. तिनं ते झोळीलाही लावलं होतं. पाहुणा उठून गेला की प्रत्येक झोळीत ती एक गोटा टाकायची. पाहुण्यांना गंमत वाटायची. दगड झोपलाय म्हणून फोटो काढायचे. मालनची सून दीपाली त्यांना म्हणायची, "त्यांना उठवू नका हं, ते आगाऊ बुकिंगवाले आहेत."

इतरांच्या झोपेची एवढी व्यवस्था लावणारी मालन स्वतः झोपत नसे.

तिचा नवरा केरू समुद्रावर गेला आणि परत आला नाही, त्याला बरीच वर्षं झाली होती. रितेश तेव्हा शाळेत होता. होडी सापडली, दाभोळच्या बाजूला, पालथी. केरू सापडला नाही. वाडीतल्यांनी काही दिवस वाट पाहिली, मग दबक्या आवाजात विधीचं बोलणं काढलं. मालन म्हणाली, "सापडले नायत म्हणजे गेले असं नाय." त्या दिवसापासून ती मागच्या दाराशी चटई टाकून निजू लागली. दाराची कडी लावत नसे. कपाळाला कुंकू, गळ्यात काळे मणी, दर गणपतीला केरूचे दोन शर्ट धुऊन, उन्हात घालून परत ट्रंकेत. कोणी तोंडावर काही बोलत नसे. घराला सवय झाली. रितेशचं लग्न झालं तेव्हा पत्रिकेत केरूच्या नावाआधी काहीच छापलं नाही, ना श्री, ना कैलासवासी. नुसतं नाव.

ती स्वतः ते नाव कधीच घेत नसे. वाडीतल्या तिच्या वयाच्या बायका घेत नाहीत. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. ती म्हणायची 'रितेशचा बापूस', नाहीतर नुसतं 'ते'.

त्या हिवाळ्यात दीपालीला दिवस गेलेले होते. शिमग्यानंतरचे दिवस दिले होते. मुलगा झाला तर बाबांचं नाव ठेवायचं, असं रितेशच्या मनात होतं. पण जित्या माणसाचं नाव त्याच्या घरातल्या पोराला ठेवत नाहीत. म्हणजे आधी दर्भाचा पुतळा करून केरूचा विधी उरकायला हवा होता.

"मग दुसरं ठेव," मालन म्हणाली. "नावांचा काय दुष्काळ पडलाय? फोनमध्ये बघ, हजार मिळतील."

"आई, नुसत्या नावाचं नाही गं."

"मग कशाचं?"

उत्तर शेजारच्या दाजींनी दिलं. दाजी वाडीतले सगळ्यांत म्हातारे, आता समुद्रावर जात नसत. पालथ्या घातलेल्या होडीला टेकून दिवसभर बसायचे आणि कोणाच्याही बोलण्यात हक्कानं शिरायचे. ते म्हणाले, "मालन, घरात एक जागा अडून पडलीय. माणूस ना आत, ना बाहेर. पोर जन्माला यायच्या आधी त्याचा निवाडा कर. नायतर येणारं पोर कुठल्या जागेवर निजायचं?"

"माझ्या जागेवर निजेल," मालन म्हणाली. "मी तशीपण जागीच असते."

नाताळच्या सुट्टीत रितेशकडे एकदम मोठा घोळका यायचा ठरला. सगळ्यांना झोळीच पाहिजे होती. मालननं दिवसरात्र हात चालवला, तरी एक झोळी कमी पडत होती आणि कापायला चांगलं जाळं उरलं नव्हतं. एक सोडून.

माजघराच्या आढ्याला केरूचं अर्धं जाळं टांगलेलं होतं. बाजारचं तयार जाळं सगळे घेत तेव्हाही केरू हौसेनं, जाड सुती दोऱ्यानं हातानं विणायचा. ते अर्धं ठेवूनच तो समुद्रावर गेला होता. लाकडी सुई त्यात तशीच अडकलेली. त्या वाडीत एक रीत होती: ज्यानं जाळ्याची पहिली गाठ मारली त्यानंच शेवटची मारायची. माणूस जिता असेतो त्याच्या जाळ्याला दुसऱ्यानं पुरं करायचं नाही. माणूस गेला, तेरावा झाला, की मग मुलानं किंवा भावानं उरलेल्या ओळी घालायच्या. म्हणून मालननं आजवर त्या जाळ्याला धूळ झटकण्यापलीकडे हात लावला नव्हता.

ती स्टुलावर चढली आणि तिनं ते खाली काढलं. आपण जाळं पुरं करतच नाही आहोत, झोळी करतोय, असं तिनं स्वतःला समजावलं. झोळी म्हणजे काही जाळं नव्हे. पण कडा आवळायच्या तर शेवटच्या ओळी घालाव्याच लागल्या, आणि ओळी घातल्यावर शेवटची गाठही मारावीच लागली. केरूच्या सुईत केरूनंच भरलेला दोरा होता. तो नेमका पुरला.

झोळी बनात बांधली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. रिकामी झोळी कशी असते हे मालनला ठाऊक होतं. ती आक्रसते, दोरखंडासारखी लांबट होते आणि वाऱ्यावर थरथरते. ही आक्रसली नाही. पोट धरून राहिली. सुती दोरा आहे, दमट झाला असेल, असं तिला वाटलं.

गोटे संपले होते. ती घरी गेली आणि स्वैपाकघरातून वरवंटा घेऊन आली. पाटा-वरवंटा दीपाली आल्यापासून पडूनच होता. वाटण मिक्सरात व्हायचं. वरवंटा झोळीत ठेवताना मालनला रितेशचं बारसं आठवलं. बारशाला पाळण्यात आधी वरवंटाच घालतात, अंगडं-टोपडं घालून. तेव्हा केरू दारात उभा राहून म्हणाला होता, हा बरा, रडणार तरी नाही.

ती तंबू झाडायला गेली आणि परत आली तेव्हा वरवंटा झोळीच्या कडेला होता.

ती थांबली. झोळीत कुठलीही वस्तू टाका, ती घरंगळून मधोमध येते. दगड तर येतोच. हा उताराच्या वरच्या अंगाला होता, ओट्यावर ठेवावा तसा, निवांत. मालननं त्याला बोटानं मध्ये ढकललं. तो अर्धा सरकला आणि पुन्हा होता तिथं येऊन टेकला.

तिनं वरवंटा काढून घेतला, पंच्यात गुंडाळला आणि घरी आणून पाट्यावर ठेवला. दीपालीनं विचारलं, "आणलात परत?"

"जड पडला," मालन म्हणाली.

त्या झोळीत सोहम नावाचा पुण्याचा तरुण निजला. तंबूत, गाडीत, कुठंच झोप लागत नाही म्हणून गोळ्या घेणारा. दुसऱ्या दिवशी बाकीचे पोहे खाऊन, किनाऱ्यावर जाऊन, भिजून परत आले तरी तो झोपलेलाच. उठला तेव्हा तोंडावर जाळ्याचे वळ होते आणि डोळे लहान मुलासारखे.

"मावशी, असा कधी झोपलो नव्हतो," तो म्हणाला. मग चहाचा कप फिरवत जरा वेळानं, "ती झोळी दोघांसाठी केलीय का?"

"का?"

"बाकीच्या झोळ्यांत मी मध्ये घरंगळतो. यात नाही घरंगळलो. कडेलाच होतो रात्रभर. म्हणजे बरं वाटलं, पण..." तो हसला. "समोरच्या बाजूला कुणी असल्याशिवाय तसं राहता येत नाही ना?"

"तिरकं निजलात म्हणून," मालन म्हणाली आणि कप विसळायला निघून गेली.

घोळका गेला. बन मोकळं झालं. जेवणं आटोपल्यावर, वाडीतली कुत्रीसुद्धा होडीखाली जाऊन पडतात त्या वेळेला, मालन बनात गेली. बाकीच्या झोळ्या ती उतरवून घरी आणत होती. केरूच्या जाळ्याची ती एकच बांधलेली ठेवली होती. वारा पडलेला. सुरूच्या झाडांचा एरवी सतत चालणारा घूं आवाज बंद. पलीकडे बंदरातली क्रेन उन्हात न हलता उभी होती.

नुसतं बसून बघू, असं ठरवून ती बसली. मग आडवी झाली, तिरकी. अंगाखाली गोधडी नव्हती, तरी खालून गार लागलं नाही.

तिला जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. इतक्या वर्षांत ती दुपारची कधी निजली नव्हती, रात्रीचीही धड नाही. डोळे उघडले तेव्हा तिच्या नाकात ओल्या दोराचा आणि विडीचा वास होता. ती झोळीच्या काठावर होती. उताराच्या वर, एका कुशीवर, तोंड आत करून. समोरची बाजू रिकामी होती आणि खाली दबलेली होती.

मालन न हलता पडून राहिली. ती घाबरली नाही. एवढ्या वर्षांनी कोणी चटईवर सरकून जागा मागितली तर बाई जशी अर्धवट झोपेत सरकते, तशी ती आणखी थोडी काठाकडे सरकली.

मग ती रोज जाऊ लागली. जेवणाची भांडीसुद्धा पडून राहू लागली, आणि तिच्या घरात असं कधी झालं नव्हतं. तोंडावर तकाकी आली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. नळावर बायका म्हणाल्या, "मालन, बाळंतपण सुनेचं आणि रंग तुला आलाय गो." मालन घागर भरत हसली.

दीपालीनं आधी काही म्हटलं नाही. ती शहाणी पोरगी, सासूच्या हसण्याला नाट लावायचा नाही इतकं तिला कळत होतं. पण एका दुपारी मालन आरशासमोर केस विंचरून अबोलीचा गजरा माळताना दिसली, तेव्हा तिच्यानं राहवलं नाही.

"आई, झोपायला जाताना गजरा?"

"परसात फुलं वाया जातात."

"सकाळी का नाही माळत मग?"

"सकाळी कोण बघतंय," मालन म्हणाली. बोलून गेल्यावर आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं, आणि दीपालीच्याही. दोघी आरशात एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग दीपालीनं भांडी गोळा करायला घेतली.

दाजी एकदा काठी टेकत बनात आले. मालन झोळीतून उठून केस नीट करत होती. दाजींनी झोळीची कड बोटांत धरून डोळ्याजवळ नेली. गाठी ओळखण्यात त्यांची नजर अजून शाबूत होती.

"हे केरूचं जाळं."

"झोळी हाय ती, दाजी."

"शेवटची गाठ कुणाची?"

"झोळी हाय म्हटलं ना. जाळं नाय ते."

"माशाला विचार फरक," दाजी म्हणाले. त्यांनी कड सोडली. सोडलेली कड आक्रसून मिटली नाही, आत कोणी असल्यासारखी ताणलेलीच राहिली. दाजींनी ते पाहिलं. त्यांचा आवाज खाली आला. "पुरं केलंस तू त्याचं. निरोप दिला नाहीस आणि काम मात्र पुरं केलंस. आता तो आला तर जाईल कुठं?"

"कुणी नाय आलेलं," मालन म्हणाली.

"मग गजरा कुणासाठी?"

दाजींनी जाताना एवढंच सांगितलं, की पोटुशी बाईला इकडे पाठवू नकोस.

मालननं ते पाळलं. दीपालीला तिनं बजावलं, भरल्या पोटी दुपारची बनात जायचं नाही, सुरूच्या मुळांत पाय अडकतो. खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर झोळी उतरवावी लागली असती, आणि ते तिला नको होतं. तिच्या वाट्याला पुन्हा ते मागचं दार आणि ती चटई आली असती.

दीपालीला आता पलंगावर झोप येईनाशी झाली होती. पाठीवर निजलं की दम लागायचा, कुशीवर निजलं की कंबर धरायची. उशा बदलून झाल्या, गादी जमिनीवर टाकून झाली. रितेश म्हणाला, "आईच्या झोळीत पडून बघ जरा. लोक पुण्याहून येतात त्यासाठी." आईनं काय बजावलं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. दीपालीला ठाऊक होतं, पण अपुऱ्या झोपेनं तिचं डोकं भणभणत होतं.

मालन त्या दिवशी, येताना परस्पर बनात जायचं म्हणून गजरा माळूनच, जेट्टीवर मासळी आणायला गेली होती. होड्या उशिरा लागल्या. परत येताना डोक्यावर पाटी घेऊन ती बनाच्या कडेनं निघाली आणि तिला दिसलं की झोळीत कोणी आहे.

वारा पडलेला होता. सुरू गप्प.

दीपाली झोळीत गाढ झोपली होती. काठावर. उताराच्या वर, एका कुशीवर, पोट आतल्या बाजूला. मालन जवळ गेली आणि पाटी तिनं वाळूवर ठेवली.

जाळ्याचे आस, म्हणजे गाठींमधली भोकं, वजन पडलं तरच उघडतात. वजन नसेल तिथं ते मिटून राहतात, एकाला एक चिकटून. हे मालनच्या बोटांना इतकं माहीत होतं की त्यासाठी तिला डोळे लागत नसत. आता ती डोळ्यांनी पाहत होती. दीपालीच्या अंगाखालचे आस उघडे होते. आणि समोर, जिथं कोणी नव्हतं, तिथलेही उघडे होते. खांद्यापासून टाचेपर्यंत, माणसाच्या लांबीनं. त्यांच्यातून खालची वाळू दिसत होती. दीपालीच्या गाऊनला पोटावर चुण्या पडल्या होत्या, पण एका जागी, तळहाताएवढ्या जागी, त्या सपाट झाल्या होत्या.

"दीपाली," मालननं हाक मारली. "दीपाली, ऊठ गो."

दीपाली उठली नाही. मालननं तिचा खांदा हलवला. खांदा ऊबदार होता, श्वास संथ चालला होता, तोंडावर हसू होतं. ते हसू मालनच्या ओळखीचं होतं. महिनाभर ते तिच्याच तोंडावर होतं.

मग ती दीपालीशी न बोलता पलीकडच्या बाजूशी बोलली.

"अहो," ती म्हणाली, "ही मी नव्हे. सून हाय तुमची. रितेशची बायको."

काही हललं नाही.

"पोटुशी हाय. तिला सोडा. मी येतंय ना रोज. मी आता येतंय, तिला उठू द्या."

गाऊनवरची ती सपाट जागा किंचित सरकली, पोटाच्या गोलाईवरून खाली. आतलं पोर हललं असेल, की त्याला कोणी चाचपलं असेल. कोणत्या जागेवर निजायचं येणाऱ्या पोरानं, हे दाजींनी विचारलं होतं. तिनं हसून उत्तर दिलं होतं.

झोळी कापावी असं तिच्या मनात आलं. मासळीची सुरी पाटीत होती. पण दीपाली खाली पडली असती. आणि त्यापुढचं मालनला कळत होतं. कापून उपयोग नव्हता. जाळं अडवून धरत नव्हतं, तिनंच धरलं होतं. तिच्याकडे एकच गोष्ट होती जी तिनं कधी केली नव्हती, आणि ती केली की काय होतं हे तिच्या आईनं तिला लहानपणीच सांगून ठेवलं होतं.

तिनं केसांतला गजरा काढून वाळूवर टाकला.

"केरू," ती म्हणाली.

मोठ्यानं नाही. मासळी पानात वाढली की घरातल्या माणसाला जेवायला हाक मारावी तशी. ते नाव तिच्या जिभेला परकं लागलं. अख्खा संसार झाला तरी ते तिनं उच्चारलं नव्हतं.

"केरू, तू गेलास. कधीच गेलास."

पलीकडच्या काठापासून एकेक आस मिटत आला. घाई न करता, एकामागून एक, जसं कोणी हातापायांची जुळवाजुळव करत अंथरुणातून उठावं. मग झोळी एकदम हलकी झाली आणि दीपाली घरंगळून मधोमध आली. सुरूच्या शेंड्यांत वारा भरला.

दीपालीनं डोळे उघडले. "आई? मला कोणी ढकललं?"

"कोण ढकलणार?" मालननं तिला हात देऊन बसतं केलं. "झोळीच हाय ती. मध्ये घरंगळतंच माणूस."

दीपालीनं वाळूतला गजरा पाहिला आणि सासूचं तोंड पाहिलं. ती काही विचारणार होती, पण मालननं पाटी उचलून डोक्यावर घेतली होती. "चल. मासळी उतरेल."

घरी येऊन तिनं मासळी साफ केली, कालवण टाकलं, भात लावला. रितेश आल्यावर त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "भटजींना विचारून ये, कधी करायचं ते."

"कशाचं?"

"केरूचं," ती म्हणाली.

रितेशनं तांब्या खाली ठेवला. आईच्या तोंडून हे नाव त्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

ओहोटीला खाडीच्या तोंडाशी विधी झाला. दर्भाचा पुतळा केला होता, लांबीला कमी आणि हलका. मालननं तो त्या झोळीत गुंडाळायला दिला. डोक्याकडे आणि पायाकडे दोऱ्या तिनं स्वतः आवळल्या. सुती दोरा सुकलेला होता, पटकन पेटला. दाजी काठीवर रेलून शेवटपर्यंत उभे होते. परत येताना ते म्हणाले, "जाळं चांगलं विणायचा."

"केरू भाकरी सोडून सगळं चांगलं करायचा," मालन म्हणाली. आता ती ते नाव येता-जाता घेत होती, जणू साठून राहिलेलं.

शिमग्यानंतर दीपालीला मुलगी झाली. नावाचा वाद आपोआप मिटला. तिचं नाव ज्ञानेश्वरी ठेवलं. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घातला, आणि मग पाळणा नातेवाइकांचा म्हणून परत गेला. रोजच्यासाठी माजघरात, जाळं टांगलेलं असायचं त्याच आढ्याला, मालननं जुन्या लुगड्याची झोळी बांधून दिली. पोर त्यात मुटकुळं करून मधोमध निजायचं. पोर मध्येच आहे ना म्हणून मालन कामातून दहादा येऊन झोळीत डोकावायची. दीपाली हे पाहायची.

मालनचं मागचं दार आता कडी लावून बंद असतं. डोळ्यांखालची वर्तुळं परत आली आहेत. पुण्याचा सोहम उन्हाळ्यात पुन्हा आला आणि त्यानं ती सुती झोळी मागितली. "ती जळली," मालन म्हणाली आणि त्याला दुसरी बांधून, खांद्याला धरून तिरकं करून दिलं. सकाळी तो मान चोळत उठला.

एका तिन्हीसांजेला दीपालीनं पोरीला दूध पाजायला झोळीतून काढलं. मालन दिवा लावत होती. उठून तिनं रिकाम्या झोळीत वरवंटा ठेवला आणि पुन्हा वातीशी येऊन बसली. झोळी थोडी हलली आणि थांबली.

पोरीला पदराखाली घेऊन दीपाली भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला झोळी दिसत नव्हती.

"आई," ती हळूच म्हणाली, "वरवंटा मध्येच आहे ना?"

"मध्येच हाय," मालन म्हणाली. तिनं वात सरळ केली, तेल घातलं. झोळीकडे तिनं पाहिलं नव्हतं.